विंचवाचं बिऱ्हाड आणि याहू ग्रुप्स

१६ ऑक्टोबर २०१९ रोजी याहूने जाहीर केलं की २८ ऑक्टोबरपासून याहू ग्रुप्स या आपल्या ईमेल गटांच्या सेवेवर नवीन काही चढवता येणार नाही आणि १४ डिसेंबरला आजवर चढवलेलं सगळं पुसलं जाईल. नवं थांबायला बारा दिवस, जुनं जायला एकोणसाठ. काय काय पुसणार त्याची यादी सोबत होती: फायली, फोटो, मतदानं, दुवे, कॅलेंडर, डेटाबेस, पत्रांना जोडलेली कागदपत्रं, आणि मुख्य म्हणजे संभाषणं, म्हणजे गटाचा आजवरचा अख्खा पत्रव्यवहार. उरणार होता तो गटाचा ईमेल पत्ता. त्यावर पाठवलेलं पत्र सभासदांना पोचेल, पण त्याची प्रत कुठेही राहणार नाही. शिवाय सगळे सार्वजनिक गट खाजगी होणार होते. नव्याने आत यायचं तर गटचालकाची परवानगी हवी.

त्या वर्षी २८ ऑक्टोबरला दिवाळी पाडवा होता. आपल्याकडे व्यापारी ज्या दिवशी नव्या वहीत पहिली नोंद करतात, त्या दिवशी याहूने वही मिटली. हा योगायोग कॅलिफोर्नियात कोणाच्या ध्यानीमनीही नसणार.

सेवा बंद पडण्याचं हे काही पहिलं प्रकरण नव्हे. याहूनेच १९९९ साली विकत घेतलेलं जिओसिटीज २००९ मध्ये बंद केलं होतं, २०१८ च्या जुलैत याहू मेसेंजर. ऑर्कुट २०१४ मध्ये गेलं. पण ऑर्कुटवरचे आपले फोटो किंवा जिओसिटीजवरचं आपलं पान ज्याचं त्याचं होतं. ज्याला हवं त्याने उतरवून घेतलं, नाही त्याचं गेलं. याहू ग्रुप्सवरचा माल मात्र सामाईक होता. चाळीच्या सामाईक गच्चीवर पडलेलं सामान पावसाआधी आत कोणी घ्यायचं, हा प्रश्न ज्यांनी अनुभवलाय त्यांना पुढचं सगळं ओळखीचं वाटेल.

ग्रुपवर आहेच की

मुळात याहूने हे घर बांधलेलंच नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मार्क फ्लेचर यांनी वनलिस्ट नावाची सेवा काढली. कोणालाही दोन मिनिटांत आपला ईमेल गट काढता यावा, तोही फुकट, एवढीच कल्पना. १९९९ मध्ये वनलिस्ट ईग्रुप्समध्ये विलीन झाली आणि २००० साली याहूने सुमारे ४३ कोटी डॉलरच्या शेअर्सच्या बदल्यात ईग्रुप्स घेतली. २००१ पासून पाटी बदलली: याहू ग्रुप्स.

लोक याच्यावर एवढे विसंबले कसे, हे आज कळायला कठीण जातं, म्हणून तेव्हाच्या टपालपेटीचं माप सांगतो. हॉटमेलची फुकट पेटी २ एमबीची. याहूची नव्या खात्यांना ४ एमबीची. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो त्यात मावणार नाही. गटातल्या कोणी गणपतीचे चार फोटो जोडून पाठवले की बाकीच्यांच्या पेट्या तुंबायच्या आणि पुढची पत्रं परत जायची. १ एप्रिल २००४ ला जीमेल १ जीबी घेऊन आलं तेव्हा बऱ्याच जणांना ती एप्रिल फूलची थट्टा वाटली, यातच सगळं आलं.

म्हणून याहू ग्रुप्स प्रत्येक सभासदाला पर्याय द्यायचं. प्रत्येक पत्र वेगळं हवं, की दिवसाभराचा एक गठ्ठा हवा, की पेटीत पत्रच नको, साइटवर येऊन वाचीन. शहाणी, नीटनेटकी माणसं तिसरा पर्याय घ्यायची. ज्यांना पत्रं पेटीत यायची तेही वाचून झाली की पुसून टाकायचे. कारण एकच, आणि तेव्हा ते अगदी रास्त होतं: ग्रुपवर आहेच की.

इथे कोणाला आळशी किंवा भोळं ठरवायची माझी इच्छा नाही. घरात जागा नाही आणि समोरचा माणूस फुकट गोदाम देतोय, तेव्हा सामान गोदामात ठेवणं हाच शहाणपणा. घोटाळा नंतर झाला. पुढच्या पाच-सात वर्षांत घरं मोठी झाली, पेट्या गिगाबाइटच्या झाल्या, आणि तरी गोदामातलं सामान घरी आणावं असं कोणाच्या मनात आलं नाही. पर्याय निवडताना जे कारण होतं ते संपलं. निवड तशीच राहिली.

परदेशातल्या एखाद्या महाराष्ट्र मंडळाचा त्या काळातला गट डोळ्यांसमोर आणा. पत्रव्यवहारात भाड्याच्या घरांपासून नाटकाच्या दौऱ्यापर्यंत सगळं. डेटाबेस विभागात सभासदांचा तक्ता: नाव, फोन, कुठे राहतात, गणपतीत कुठलं काम घेणार. फाइल्समध्ये मंडळाची घटना, तीन वर्षांचे हिशेब, आरतीसंग्रहाची वर्डची फाइल आणि ती वाचता यावी म्हणून शेजारीच ठेवलेला फॉन्ट. कॅलेंडरमध्ये सणवार. मतदान विभागात, जेवणात श्रीखंड की पुरणपोळी. हे सगळं मिळून मंडळाचं दप्तर. दप्तर कोणाच्या घरी? कोणाच्याच नाही. आणि गटाच्या मालकीची किल्ली? ज्या मुलाने २००१ मध्ये गट काढला त्याच्या याहू खात्यात. तो दोन वर्षांनी नोकरी बदलून दुसऱ्या गावी गेला.

ओसरती वस्ती

बंद होणारी सेवा आधी बरीच वर्षं दुर्लक्षित असते. २०१३ मध्ये याहूने ग्रुप्सचा चेहरा बदलला. 'निओ' नावाची ही नवी मांडणी जुन्या गटचालकांना अजिबात मानवली नाही. निषेधाचा पाऊस पडला आणि कंपनी बधली नाही. बरेच जागरूक चालक तेव्हाच आपले गट घेऊन बाहेर पडले. मग याहूतल्या चोऱ्यांच्या बातम्या आल्या. २०१३ च्या एकाच चोरीत सगळ्याच्या सगळ्या तीन अब्ज खात्यांची माहिती गेली, हे कळायला २०१७ चा ऑक्टोबर उजाडला. त्याच वर्षी जूनमध्ये व्हेरायझन या टेलिफोन कंपनीने याहूचा मुख्य धंदा सुमारे ४४८ कोटी डॉलरला घेतला.

टेलिफोन कंपनीच्या दृष्टीने याहू ग्रुप्स म्हणजे काय होतं, याचा विचार केला तर पुढच्या निर्णयात आश्चर्य राहत नाही. वाढ नाही, जाहिरातीचं उत्पन्न नगण्य, आणि साठवलेला माल प्रचंड. आर्काइव्ह टीम या स्वयंसेवी मंडळींनी घोषणेच्या सुमारास केलेल्या मोजणीनुसार याहूच्या निर्देशिकेत सुमारे ५६ लाख गटांची नोंद होती, आणि ज्या गटांची संभाषणं उघड वाचता येत होती त्यांतच दोन अब्जांवर संदेश असावेत असा त्यांचा अंदाज होता. मालकाच्या लेखी हा भाडं न देणाऱ्यांचा वाडा.

मुंबईकर इथे लगेच म्हणेल, भाडेकरूला असं काढता येतं का? नाही येत. पागडीच्या खोलीत राहणाऱ्यालासुद्धा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं पाठबळ आहे. मालकाला कोर्टाची पायरी चढावी लागते, कारण दाखवावं लागतं. याहू ग्रुप्सच्या रहिवाशाकडे पागडीची पावतीही नव्हती. होती ती फक्त वापराच्या अटींवर कधीकाळी न वाचता केलेली टिचकी.

माझा डेटा, पण आमचा?

याहूने परतीचा रस्ता दिला होता, हे नमूद करायला हवं. गोपनीयतेच्या पानावर जाऊन 'माझा डेटा द्या' असं मागायचं, काही दिवसांनी ईमेलने दुवा येणार, त्यावरून गठ्ठा उतरवून घ्यायचा. ओरड वाढल्यावर मुदतही ३१ जानेवारी २०२० पर्यंत वाढवली. कागदावर सोय चोख.

मला वाटतं, या प्रकरणाची खरी गाठ त्या 'माझा' शब्दात आहे. मे २०१८ पासून युरोपात जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू झाला होता आणि त्याच्या विसाव्या कलमाने माणसाला त्याची माहिती उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क दिला होता. तो हक्क व्यक्तीचा, आणि व्यक्तीने स्वतः पुरवलेल्या वैयक्तिक माहितीपुरता. गट ही व्यक्ती नव्हे. तीनशे जणांनी पंधरा वर्षांत मिळून लिहिलेलं दप्तर कोणाचं, याचं उत्तर कुठल्याही अशा कायद्यात नाही, त्यामुळे ते परत देण्याची रीतही कोणी बसवलेली नाही. आपल्याकडे तर व्यक्तीपुरताही तो हक्क निसटला. लोकसभेत वैयक्तिक डेटा संरक्षणाचं विधेयक मांडलं गेलं ११ डिसेंबर २०१९ ला, याहूच्या मूळ मुदतीच्या तीन दिवस आधी, आणि त्यात माहिती उचलून नेण्याचं कलम होतं. २०२३ मध्ये जो कायदा झाला त्यात ते नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा झाला की गठ्ठा मागवायला कोणीतरी एक सभासद पुढे यायला हवा, त्याचं खातं चालू हवं, संकेतशब्द आठवायला हवा, आणि आलेला गठ्ठा पुरा आहे का हे तपासायची चिकाटी हवी. अपुऱ्या गठ्ठ्यांच्या तक्रारी होत्याच. त्यात गटचालक बेपत्ता असेल तर आणखी पंचाईत. सगळे गट खाजगी केल्यामुळे जुना सभासद नव्या ईमेलवरून आत येऊ पाहील तर परवानगी देणारं कोणी नाही. दाराला कुलूप नव्हतं तेव्हा किल्ली कोणाकडे आहे हे कोणी विचारलं नव्हतं. आता कुलूप लागलं.

बाहेरच्यांनी केलेली धावपळ जास्त उठून दिसते. आर्काइव्ह टीम, आणि तिच्यासोबत मालिका-चित्रपटांच्या चाहत्यांचे जुने गट वाचवू पाहणारे हौशी लोक, यांनी गटागटात सभासद होऊन संभाषणं उतरवायला घेतली. यंत्राने एकगठ्ठा शिरता येत नव्हतं, 'मी यंत्रमानव नाही' हे माणसाने सिद्ध करायचं होतं, म्हणून स्वयंसेवक बसून एकेका गटात नाव नोंदवत होते. डिसेंबरच्या सुरुवातीला व्हेरायझनने त्यांची सव्वाशेच्या आसपास ईमेल खाती बंद केली. कारण दिलं वापराच्या अटींचा भंग. आठवड्यांची मेहनत गेली आणि मुदत डोक्यावर. कंपनीची बाजूही अगदीच खोटी नव्हती, हे लिहिताना मला जड जातं. परक्या माणसाने खाजगी पत्रव्यवहार उतरवून नेणं म्हणजे काय, हा प्रश्न खराच आहे. आजारपणाच्या आधारगटातली पत्रं जगजाहीर व्हावीत असं ती लिहिणाऱ्या कोणालाच वाटणार नाही. पण जो मालक स्वतः सगळं जाळायला निघालाय त्याने वाचवणाऱ्याला अटी दाखवाव्यात, हेही पचत नाही. त्यातूनही बराच माल वाचला, तो आज इंटरनेट आर्काइव्ह या डिजिटल ग्रंथालयाकडे आहे.

आणि उरणार होता तो ईमेल पत्ता? १२ ऑक्टोबर २०२० ला दुसरी घोषणा झाली आणि १५ डिसेंबर २०२० ला तोही बंद झाला. 'गट चालूच राहणार आहेत' या पहिल्या घोषणेतल्या दिलाशावर जे थांबले, त्यांना चौदा महिने मिळाले.

गठ्ठा उघडल्यावर

समजा कोणी वेळेत गठ्ठा उतरवला. त्यात पत्रव्यवहार असतो तो एमबॉक्स नावाच्या प्रकारात: सगळी पत्रं एकाखाली एक चिकटवलेली एकच लांबच लांब मजकूर फाइल. थंडरबर्डसारख्या प्रोग्राममध्ये ती नीट उघडते. पण बहुतेक जण आधी नोटपॅडमध्ये उघडतात, आणि मराठी माणसाच्या पोटात गोळा येतो. बरोबरचं चिन्ह, ई, शून्य. बरोबरचं चिन्ह, ए, चार. बरोबरचं चिन्ह, ए, ई. एवढं झालं की एक 'म' होतो. युनिकोडमधला, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या सामाईक संकेतपद्धतीतला, देवनागरी मजकूर ईमेलच्या जुन्या वाहतुकीतून नेताना प्रत्येक अक्षरखुणेची अशी नऊ चिन्हं होतात. 'मराठी' या शब्दात अशा पाच खुणा, म्हणजे पंचेचाळीस चिन्हं. पानंच्या पानं अशी पाहून 'फाइल करप्ट आहे' म्हणत ती पुसून टाकणारा माणूस मला अगदी समजू शकतो. फाइल ठणठणीत असते.

हे झालं युनिकोडचं. २००० च्या आसपासची मराठी त्याच्याही आधीची. तेव्हा शिवाजी, किरण, श्रीलिपी असे फॉन्ट होते आणि प्रत्येकाची कळ वेगळी. फाइलमध्ये असायची इंग्रजी अक्षरं. फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवायचा. मुखवटा नाही तर आतला मजकूर निरर्थक रोमन कचरा. तो मुखवटा होता गटाच्या फाइल्स विभागात, आरतीसंग्रहाच्या शेजारी. कोणी फक्त पत्रं उतरवून फायली राहू दिल्या असतील, तर त्याने कुलूप घरी आणलं आणि किल्ली तिथेच ठेवली. असा मजकूर आजही युनिकोडमध्ये फिरवता येतो, पण मूळ फॉन्ट कोणता हे ओळखणारं माणूस लागतं.

सगळ्यात धडधाकट वाचलं ते ज्याला आपण नाकं मुरडायचो ते: रोमन लिपीत, इंग्रजी कळफलकावर धसमुसळेपणाने बडवलेलं मराठी. ते तेव्हाही वाचता येत होतं, आजही येतं.

डेटाबेस, मतदान, कॅलेंडर यांची गोष्ट निराळी. पत्र हे पत्र असतं, कुठेही वाचा. पण तक्त्याला अर्थ असतो तो त्याच्या घरात. सुट्या फाइलमध्ये श्रीखंडाला किती मतं पडली हे दिसेलही. त्यावरून पुढे पत्रव्यवहारात जे भांडण झालं त्याच्याशी त्याचा धागा तुटलेला असतो.

गट उचलून दुसरीकडे नेणाऱ्यांपैकी अनेक जण ग्रुप्स.आयओकडे गेले. ती सेवा २०१४ मध्ये सुरू करणारा माणूस म्हणजे तोच वनलिस्टवाला मार्क फ्लेचर. ज्याने पहिली चाळ बांधली त्यानेच शेवटी विस्थापितांना खोल्या दिल्या, यावेळी भाडं लावून. भाडं लावल्याचा मला उलट आनंद झाला. मालकाला माझ्याकडून पैसे मिळतात तोवर मला ठेवण्यात त्याला थोडा तरी रस असतो.

मराठीतही वेगळा रस्ता कोणी धरला नव्हता असं नाही. मायबोली हे मराठी संकेतस्थळ १९९६ पासून आहे, स्वतःच्या नावाच्या जागेवर. मधल्या काळात सॉफ्टवेअर बदललं, देवनागरी लिहायच्या पद्धती बदलल्या, आणि गाव हललं नाही. त्यामागे काही माणसांनी वर्षानुवर्षं घातलेला वेळ आणि पैसा आहे. प्रत्येक मंडळाला ते जमणार नाही, जमावं असंही नाही.

तेच मंडळ आज व्हॉट्सॲपवर आहे. तिथूनही गप्पा बाहेर काढता येतात, पण मोजून: फोटोंशिवाय जास्तीत जास्त ४०,००० संदेश, फोटोंसकट १०,०००. रोज सव्वाशे शुभप्रभात येणाऱ्या गटात चाळीस हजार म्हणजे वर्षभराच्या आतलीच पत्रं. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअप २०१८ पासून गूगल ड्राइव्हच्या हिशेबात धरला जात नव्हता. २०२३ च्या अखेरीस जाहीर करून तो गूगल खात्याच्या फुकट १५ जीबीत धरायला सुरुवात झाली. सेवा कुठेही गेली नाही, फक्त अट बदलली.

याहू ग्रुप्सच्या बाबतीत आणखी एक प्रत शिल्लक असू शकते, आणि ती शोधायला कुठल्या आर्काइव्हची गरज नाही. प्रत्येक गटात एक काका असायचे. पर्याय-बिर्याय त्यांना कळायचे नाहीत, त्यामुळे प्रत्येक पत्र त्यांच्या पेटीत पडायचं, आणि ते आयुष्यात एकही पत्र पुसायचे नाहीत. न वाचलेल्या पत्रांचा त्यांचा आकडा पाहून बाकीचे हसायचे. पेट्या मोठ्या झाल्यानंतरचा गटाचा बहुतेक पत्रव्यवहार, जोडलेल्या फोटोंसकट, तारीखवार, त्यांच्याकडे असायला हवा. पण ती पेटी बहुधा याहू मेलचीच असते, आणि बारा महिने कोणी लॉगिन केलं नाही तर याहू पेटीतला मजकूर पुसतं. तेव्हा तुमच्या गटातले काका आठवत असतील तर आज संध्याकाळी त्यांना फोन करा, आणि हळूच विचारा की याहू शेवटचं कधी उघडलं होतं.